कोपराच्या ऑपरेशननंतर हात पहिल्यासारखा होतो का?



"डॉक्टर, कोपराचं ऑपरेशन केलं तर हात पहिल्यासारखा चालेल का?" हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पोट हातावर असतं. गॅरेजमध्ये पाने फिरवणारे, सुतारकाम करणारे, सोयाबीनच्या काढणीला जाणारे, खानावळीसाठी रोज ढीगभर भाकरी थापणाऱ्या बायका. दोन प्रसिद्ध खेळाडूंच्या कोपरांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचं उत्तर समजायला सोपं जातं.

पहिलं कोपर आपल्या सचिन तेंडुलकरचं. २००४ मध्ये त्याला डाव्या कोपराच्या 'टेनिस एल्बो'नं गाठलं. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या दोन कसोटी त्याला सोडाव्या लागल्या. दुखणं हटेना, तेव्हा मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्या काळात मुलाची प्लास्टिकची बॅटही उचलवत नव्हती, असं त्यानं पुढे सांगितलं. आता याचं क्रिकेट संपलं, असं अनेकांना वाटत होतं.

साधारण पाच महिन्यांनी, ऑक्टोबर २००५ मध्ये, नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो मैदानात उतरला आणि ९३ धावा केल्या. डिसेंबरमध्ये दिल्लीत ३५वं कसोटी शतक ठोकून त्यानं सुनील गावसकरांचा ३४ शतकांचा विक्रम मागे टाकला. २०१० मध्ये ग्वाल्हेरला एकदिवसीय सामन्यात द्विशतकही केलं.

दुसरं कोपर अमेरिकेतल्या टॉमी जॉनचं. बेसबॉलमध्ये जोरात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. १९७४ मध्ये या पिचरच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारी पट्टी, निकामी झालं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या हाताच्या मनगटाजवळचा टेंडन काढून तिथे बसवला. तो पुन्हा खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. १९७५चा पूर्ण हंगाम त्यानं मैदानाबाहेर काढला, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

एकाला पाच महिने, दुसऱ्याला दीड वर्ष. असं का? कारण दुखापत वेगळी होती. टेनिस एल्बोमध्ये कोपराच्या बाहेरच्या बाजूला, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूचा टेंडन झिजलेला असतो. शस्त्रक्रियेत तो खराब भाग काढतात. टॉमी जॉनला मात्र नवी पट्टी बसवावी लागली, आणि ती हाडात रुजून मजबूत व्हायला वेळ लागतो. म्हणून शेजाऱ्याचा हात तीन महिन्यांत बरा झाला, तर माझा का नाही, अशी तुलना करू नका. आधी नेमकं काय बिघडलंय, ते डॉक्टरांना विचारा.

नाव टेनिसचं असलं तरी हा आजार खेळाडूंचाच नाही. १८७३ मध्ये जर्मन डॉक्टर रुंगे यांनी त्याचं वर्णन केलं, ते लिहिणाऱ्यांच्या दुखण्याच्या संदर्भात. टेनिसचं नाव नंतर चिकटलं. पिळे घालून कपडे पिळणं, पाना आवळणं, जड घागर उचलणं, यांनीही तो होतो.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, टेनिस एल्बोच्या दहापैकी आठ-नऊ रुग्णांना वर्षभरात ऑपरेशनशिवाय आराम पडतो. दुखवणारं काम कमी करणं, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम हळूहळू वाढवणं, हाच मुख्य उपचार. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे बरं वाटतं, पण दुखणं उलटण्याचा संभव असतो. म्हणून ते पुन्हा पुन्हा मागू नका. ऑपरेशनचा विचार सहसा सहा महिने ते वर्षभर नीट उपचार करूनही फरक नसेल, तरच.

आणि ऑपरेशन झालंच, तर टाके निघाले म्हणजे काम संपलं असं समजू नका. सचिन असो वा टॉमी जॉन, दोघांनाही व्यायामाचे कंटाळवाणे महिने चुकले नाहीत. आपल्याकडे सुगी आली की माणूस दुखता हात घेऊनच रानात जातो. त्यामुळे ऑपरेशनची तारीख ठरवतानाच पुढचे तीन-चार महिने घरातलं जड काम कोण करणार, हेही ठरवा.

करंगळीला मुंग्या येत असतील, कोपर अडकत असेल, किंवा सूज येऊन ताप असेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.