तादामीच्या पुलावरची दोन डब्यांची गाडी

छायाचित्र एकच असतं, काढणारे हात बदलत राहतात. खाली हिरवीगार, निश्चल नदी. तिच्यावर पोलादी कमान. कमानीवरून चाललेली दोन डब्यांची गाडी. आणि हे सगळं पाण्यात पुन्हा एकदा, उलटं. हे दृश्य आहे जपानमधल्या फुकुशिमा प्रांताच्या पश्चिम टोकाचं. तिथल्या डोंगराळ भागाला ओकु-आइझु म्हणतात, म्हणजे आतला, खोलवरचा आइझु. त्यात मिशिमा नावाचं गाव आहे, दीड हजाराच्याही आतल्या वस्तीचं. गावाजवळच्या विश्रांतिस्थानामागून डोंगर चढायला लागलं की वेगवेगळ्या उंचीवर थांबे येतात आणि प्रत्येक ठिकाणी तिवया मांडून बसलेले लोक दिसतात. समोर दिसतो तो तादामी नदीवरचा पहिला रेल्वेपूल. गाड्या मोजक्याच असल्यानं एक चुकली की पुढच्या गाडीसाठी काही तास थांबावं लागतं. कुणी कुरकुरत नाही, डबे उघडून जेवण सुरू होतं.

हे चित्र बघणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो की इथं निसर्ग अजून जसाच्या तसा आहे. मला त्या चित्राचा मागोवा घ्यावासा वाटला तो या वाक्यामुळेच.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण सगळी मोहिनी पाण्याची आहे. पूल बांधला तेव्हा त्याखालून डोंगरी नदी धावत होती, तिच्यात आरसा नव्हता. १९५३ मध्ये खालच्या अंगाला यानाइझुचं धरण झालं आणि इथलं पाणी थबकलं. वर मियाशिता, उवादा, होन्ना, त्याही वर तागोकुरा, अशी विजेसाठी बांधलेल्या धरणांची साखळीच या नदीवर आहे. एका धरणाचं पाणी संपतं न संपतं तोच दुसऱ्याचं सुरू होतं. उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी नदीवर जे धुकं उतरतं, ज्यासाठी लोक रात्रभर गाडी चालवत येतात, त्याची घडणही अशीच. वितळलेल्या बर्फाचं थंडगार पाणी आणि त्यावर आलेली उबदार, दमट हवा. दोन्ही भेटली की पाण्यालगत पांढरा थर धरतो.

रुळांची जन्मकथाही विजेशी बांधलेली आहे. आइझु-वाकामात्सु या जुन्या गढीच्या शहरातून रेल्वे १९२६ मध्ये निघाली, १९२८ मध्ये यानाइझुला पोचली. तिथं नवव्या शतकापासूनचं एन्झोजी हे देऊळ आहे, यात्रेकरू होते, तेवढ्यावर गाडी चालली असती. पुढचा डोंगर ओलांडून मियाशितापर्यंत ती आली १९४१ च्या ऑक्टोबरात. पॅसिफिक महायुद्ध पेटायला तेव्हा सहा आठवडे उरले होते आणि मियाशिताला वीजकेंद्राचं काम चालू होतं. आज ज्याचं छायाचित्र निघतं तो पहिला पूल याच टप्प्यातला. १९५६ मध्ये रूळ कावागुचीला पोचले. तिथून तादामीपर्यंतचा तुकडा तर धरण बांधणाऱ्या कंपनीनं तागोकुरासाठी सिमेंट आणि यंत्रं वाहायला टाकला. प्रवाशांसाठी तो खुला झाला १९६३ मध्ये. तागोकुरा धरणाच्या पाण्याखाली त्याच नावाची पन्नासेक घरांची वाडी गेली. नंतर जलाशयाच्या काठावर तागोकुरा नावाचं एक स्टेशन झालं, ज्याच्या आसपास एकही घर नव्हतं. २०१३ मध्ये तेही बंद झालं. बुडालेल्या वाडीचं नाव वेळापत्रकात जेवढी वर्षं छापलं गेलं तेवढीच तिची शेवटची नोंद, असं मला वाटतं आणि त्यानं जीव तुटतो.

उरलेला डोंगर फोडून, ६,३५९ मीटरचा रोकुजुरिगोए बोगदा करून, १९७१ मध्ये नीगाताकडचा फाटा जोडला गेला. तिकडच्या कोइदेपर्यंत एकूण १३५.२ किलोमीटर. तेव्हा या सगळ्याला तादामी मार्ग हे नाव मिळालं.

गरम पाणी मात्र या सगळ्याच्या आधीचं. कोकणात आपण ज्याला उन्हाळं म्हणतो ते जपानी लोकांचं ओन्सेन. मिशिमाच्या हद्दीत, नदीच्या अगदी काठावर हायातोचं ओन्सेन आहे. जखमी क्रौंच पक्षी त्या पाण्यात उभा राहून बरा झाला, अशी त्याची कथा आणि ती बाराशे वर्षांपूर्वीची मानतात. स्नानगृहाचं नावही त्यावरूनच, त्सुरु-नो-यु, क्रौंचाचं ऊन पाणी. जपानच्या खेड्यांत कापणी उरकली की शेतकरी तांदूळ आणि मिसो बांधून अशा ठिकाणी आठवडा-दोन आठवडे जाऊन राहत. स्वतः रांधायचं, दिवसातून तीन-चारदा पाण्यात उतरायचं, वर्षभर वाकलेली पाठ सरळ करून परतायचं. त्याला तोजी म्हणतात. हायातोला अशा मुक्कामाच्या खोल्या आजही आहेत. मागच्या कपारीतून पाणी येतं, पुढ्यात नदी, पलीकडे जंगल. छायाचित्रं काढणारे थिजलेली बोटं घेऊन इथंच येतात आणि म्हाताऱ्या गावकऱ्यांशेजारी गळ्यापर्यंत पाण्यात बसतात.

आता कॅमेऱ्याकडे वळू. जपानमध्ये रेल्वेचं छायाचित्रण जवळजवळ रेल्वेइतकंच जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इवासाकी आणि वातानाबे या दोन सधन तरुणांनी देशभरची इंजिनं छायाचित्रांत उतरवून ठेवली. पण तो श्रीमंतांचा छंद होता. युद्धानंतर 'तेत्सुदो पिक्टोरियल' १९५१ मध्ये आणि 'तेत्सुदो फॅन' १९६१ मध्ये निघाली, कॅमेरे मध्यमवर्गाच्या हातात आले, आणि त्याच सुमारास राष्ट्रीय रेल्वेनं वाफेची इंजिनं काढून टाकायचं ठरवलं. मग शाळकरी पोरांपासून कारकुनांपर्यंत सगळे धुराच्या मागे धावत सुटले. कुठल्या घाटात कुठलं इंजिन अजून आहे, याच्या बातम्या तोंडोतोंडी फिरत. तादामी मार्गावर सी-११ जातीची छोटी इंजिनं मालगाड्या ओढत होती, म्हणून लोक या खोऱ्यातही आले. १९७४ मध्ये इथली वाफ संपली. १९७५ च्या डिसेंबरात देशभरातली शेवटची प्रवासी आणि मालगाडीही वाफेवरून उतरली. यानाइझु स्टेशनाबाहेर त्यातलं एक सी-११ उभं करून ठेवलेलं आहे.

अशा छंदिष्टांना पुढे तोरी-तेत्सु हा शब्द मिळाला. तोरी म्हणजे टिपणं, तेत्सु म्हणजे लोखंड. लोखंड टिपणारे. त्यांच्यातल्या काहींनी शेतं तुडवली, झाडं तोडली, चाकाला चाक लागेल इतक्या गाड्या अरुंद रस्त्यावर लावल्या, आणि त्या शब्दाला काळिमाही लावला. तरी त्या छंदाच्या मुळाशी आहे ते जाणाऱ्या गोष्टीला निरोप देणं, हे मला फार खरं वाटतं. जे उद्या नसेल ते आज नीट बघून घ्यायचं. २०२० मध्ये इथले किहा-४० जातीचे जुने डिझेल डबे गेले तेव्हाही हेच झालं.

गंमत अशी की हा मार्गच ऐंशीच्या दशकात जायचा होता. तोट्यातल्या शाखा बंद करण्यासाठी १९८० मध्ये कायदा आला आणि प्रवासी मोजले तर तादामी त्या यादीत बसत होता. वाचवलं बर्फानं. तादामी ते नीगाता जाणारा २५२ क्रमांकाचा महामार्ग डोंगरात हिवाळाभर बंद असतो. पर्यायी रस्ता नाही, म्हणून रेल्वे ठेवावी लागली. ज्या बर्फामुळे तरुण मंडळी गाव सोडून गेली, त्याच बर्फानं गाडी राखली.

मग २०११. मार्चमध्ये भूकंप आणि अणुदुर्घटना, आणि जुलैअखेर या खोऱ्यात प्रचंड पाऊस. पाचवा, सहावा आणि सातवा पूल पुरानं मोडले किंवा वाहून गेले. कावागुची ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा पट्टा थांबला. पुराच्या आदल्या वर्षी त्या पट्ट्यातली दिवसाची सरासरी प्रवासीसंख्या होती ४९. या आकड्यापुढे बसगाडीचा प्रस्ताव येणारच होता आणि आला. आइझुतल्या सतरा नगर-गावांनी आणि प्रांतानं मात्र रेल्वेच मागितली. २०१७ मध्ये तोडगा निघाला: त्या पट्ट्यातले रूळ आणि पूल प्रांताच्या मालकीचे, देखभालीचा खर्च स्थानिकांच्या माथी, गाडी चालवणार पूर्वीचीच रेल्वे कंपनी. १ ऑक्टोबर २०२२ रोजी, अकरा वर्षांनी, गाडी पुन्हा आरपार गेली. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसाला तीनच फेऱ्या आहेत. तादामी गावानं तर गाडी दिसली की सगळ्यांनी हात हलवावा असा रीतसर नियमच केला आहे. शिक्षा नसलेला नियम, आणि लोक पाळतात.

४९ प्रवाशांची गाडी राखायला कारण काय दाखवायचं? दाखवायला एक गोष्ट होती, ते छायाचित्र. आणि ते जगापुढे ठेवणाऱ्यांत होशी केन्को यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. शेजारच्या कानेयामातले हे गृहस्थ वर्षातले तीनशे दिवस याच मार्गाची छायाचित्रं काढतात. त्यांच्यावर माहितीपटही निघाला. त्यांची छायाचित्रं तैवानपर्यंत पोचली आणि तिकडून पाहुणे येऊ लागले. एक पूल बघायला विमानानं यायचं, आणि मग बर्फाच्या खोऱ्यात, गरम पाण्यात बसायचं.

होशींचं मूळ गाव मिफुके. हायातोच्या ओन्सेनसमोर, नदीच्या पलतीरी होतं ते, दहाएक घरांचं. पूल नव्हता, सगळी ये-जा नावेनं. १९६४ मध्ये मागचा डोंगर घसरला आणि गाव उठलं, नावही थांबली. होशींनी २०१० मध्ये ती पुन्हा सुरू केली. धुक्यातून जाणारा हा नावेचा रस्ता, त्याला मुगेन्क्यो-नो-वाताशी म्हणतात. आता तो पर्यटकांसाठी आहे. नावाडी वल्हं मारतो, अलीकडचा काठ पुसट होत जातो. पलीकडे उतरलं की गवतात पायवाट आहे, घरांच्या जागा ओळखू येतात. तिथं उभं राहून मागे वळलं की नदीपल्याड हायातोचं छोटंसं स्टेशन दिसतं. गाडी येते, थांबते, बहुतेक वेळा कुणी उतरत नाही, आणि ती पुढे निघते. या काठावरून पाहणाऱ्यांची पिढी गेली, तरी चित्र त्यांच्याच अंगणातून सर्वांत चांगलं दिसतं.