गर्भवतीच्या रक्तातील बोलके घटक

उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय असो, अंबरनाथचे छाया रुग्णालय असो वा बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, गर्भवतीच्या तपासणीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीतील प्रथिने यांवर प्रामुख्याने भर असतो. या नोंदी आवश्यकच आहेत. मात्र त्या बिघडण्यापूर्वीच अनेकदा गुंतागुंतीस आरंभ झालेला असतो. चयापचय बिघडत असल्याची वर्दी रक्तातील काही घटक आधीच देतात. त्यांना चयापचयाचे जैवनिर्देशक म्हणतात.

सर्वांत परिचित निर्देशक म्हणजे साखर. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि काही स्त्रियांना गर्भारपणातच मधुमेह जडतो. बाळ अवाजवी मोठे होणे, प्रसूती अडणे, जन्मानंतर बाळाची साखर घसरणे हे त्याचे परिणाम होत. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक असल्यास निदान होते. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ही चाचणी करायची असते. तिला उपाशीपोटी यावे लागत नाही. बदलापूरपलीकडच्या खेड्यातून गाडी पकडून येणाऱ्या स्त्रीसाठी ही सोय लहान नव्हे. तथापि, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हापो’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात साखरेबरोबर धोका सलग वाढताना दिसला, मध्येच उडी आढळली नाही. त्यामुळे १३८ चा अहवाल हाती घेऊन निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

साखरेपलीकडच्या निर्देशकांवर महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. गर्भारपणाच्या १८ व्या आणि २८ व्या आठवड्यात घेतलेल्या रक्तनमुन्यांतून निघालेले निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, ३० टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन वाढलेले होते आणि तब्बल ९० टक्क्यांमध्ये मिथाइलमेलॉनिक आम्ल वाढलेले होते. फोलेटची कमतरता मात्र केवळ एकीत आढळली.

या आकड्यांचा अर्थ लावणे रंजक आहे. होमोसिस्टीन ब-१२ आणि फोलेट या दोहोंपैकी कशाच्याही अभावी साचते. मिथाइलमेलॉनिक आम्ल फोलेटच्या अभावी वाढत नाही, ब-१२ च्या अभावी वाढते. म्हणजे दोष कुठे आहे, हे दुसरा निर्देशक सांगतो. गर्भारपणात रक्त पातळ होऊन ब-१२ चा आकडा तसाही घसरतो, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर विसंबता येत नाही. याच पथकाला होमोसिस्टीन अधिक असलेल्या मातांची बाळे लहान आढळली होती. पुढे सहाव्या वर्षी मुलांची तपासणी झाली, तेव्हा ब-१२ कमी पण फोलेट भरपूर असलेल्या मातांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक निघाला.

सरकारी गोळीत लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, ब-१२ नसते. त्यावरून गोळी टाळण्याचा निष्कर्ष कोणी काढू नये. रक्तक्षय रोखण्यासाठी ती हवीच. प्रश्न तिच्या जोडीला ब-१२ देण्याचा आहे. विशेषतः मांसाहार न करणाऱ्या आणि दूधही बेताचेच घेणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना त्याबाबत अवश्य विचारावे. पुण्याच्या पथकाने २०१२ मध्ये त्याच गावांतील, आता वयात आलेल्या मुलामुलींवर प्रयोग सुरू केला. त्यात रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्यात आले, तेही गर्भधारणेच्या आधीपासून.