त्सिन्नोर

हेब्रोनात साडेसात वर्षे राज्य केल्यावर दावीदाने यबूसी लोकांचे यरुशलेम जिंकले आणि तिथे राजधानी नेली. तुला थोपवायला आंधळे-लंगडेही पुरेत, अशी नगरवासीयांनी त्याची टर उडवली होती. मग नगर पडले कसे? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातले उत्तर एका हिब्रू शब्दात अडकले आहे : 'त्सिन्नोर'. हा शब्द हिब्रू बायबलात आणखी एकदाच, 42व्या स्तोत्रात येतो. तिथे तो कोसळणाऱ्या पाण्याविषयी आहे. प्राचीन ग्रीक भाषांतराने त्याचा खंजीर केला. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाने शब्दच गाळला; यवाब आधी चढून गेला, एवढेच सांगितले.

1867 साली चार्ल्स वॉरनला गिहोन झऱ्याजवळ उभे विवर सापडले आणि सैनिक त्यातूनच चढले, ही कथा रूढ झाली. रोनी राइख आणि एली शुक्रोन यांनी 1995पासून तिथे उत्खनन केले. विवर नैसर्गिक आहे, त्यातून पाणी कधी शेंदले जात नव्हते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

त्या टेकडीवरच्या हक्काचे वाद आजही दावीदाच्या नावाने चालतात. अशा वेळी मराठीत 'बोगदा' लिहिणे म्हणजे मूळ मजकुरात नसलेला पुरावा घुसडणे. मी 'पाण्याची वाट' लिहीन आणि अर्थ अनिश्चित असल्याची तळटीप जोडीन.