जलसा, परिषद व चर्चासत्र : धाराशिव जिल्ह्यातील विद्वत्सभांच्या खर्चाचा इतिहास

विद्वत्सभांचा इतिहास सामान्यतः अध्यक्षीय भाषणे, वाचलेले निबंध व संमत झालेले ठराव यांच्या आधारे लिहिला जातो. सभा भरविण्यास परवानगी कोणी दिली, खर्च कोणी सोसला व हिशेब कोणाकडे सादर झाला, या गोष्टी वृत्तान्ताच्या शेवटच्या पानावर, आभारप्रदर्शनात, उरकल्या जातात. वस्तुतः सभेचे स्वरूप बऱ्याच अंशी याच गोष्टींनी ठरते. कोणता प्रश्न चर्चेस घ्यावा, किती वेळ बोलावे, बोललेले छापावे की नाही, हे सारे पैशाच्या उगमाशी निगडित असते. विद्यापीठीय विभागांतील चर्चासत्रांचा विचार करताना ही बाजू तपासणे अगत्याचे आहे; आणि त्यासाठी धाराशिव जिल्हा हे उपयुक्त क्षेत्र ठरते, कारण एका शतकाच्या अवधीत परवानगी व पैसा यांविषयीच्या अगदी भिन्न व्यवस्था या एकाच प्रदेशाने अनुभवल्या.

आरंभी जिल्ह्याच्या सीमेविषयी खुलासा करणे इष्ट होईल. निजामाच्या राज्यात नळदुर्ग येथील जिल्ह्याचे ठाणे विसाव्या शतकाच्या प्रारंभी धाराशिव येथे आले व पुढे मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून गावास उस्मानाबाद हे नाव मिळाले. लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते. धाराशिव हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे पुन्हा रूढ झाले. प्रस्तुत लेखात १९८२ पूर्वीच्या काळासंबंधी ‘जिल्हा’ हा शब्द लातूरसह योजिला आहे.

निजामी अमदानीत उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबाद हे होते. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची योजना मंजूर झाली आणि उर्दू हे तेथील शिक्षणाचे माध्यम ठरले. एका भारतीय भाषेतून सर्व ज्ञानशाखा शिकविण्याचा हा प्रयोग भाषेच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटेल, यात शंका नाही. ग्रंथांच्या भाषांतरासाठी राज्याने स्वतंत्र खाते उभारले व त्यास सरकारी खजिन्यातून पैसा पुरविला. परंतु ज्या प्रजेची भाषा मराठी, तेलुगू वा कन्नड होती, तिच्या भाषेतील ज्ञानव्यवहारास हे औदार्य लाभले नाही. शिवाय विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकान्वये, सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी आवश्यक ठरली आणि शैक्षणिक व साहित्यिक स्वरूपाच्या सभाही या नियमाच्या कक्षेत ओढल्या गेल्या. त्या काळी संयोजकांपुढचा पहिला प्रश्न पैशाचा नसून परवानगीचा होता.

तथापि या निर्बंधाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. राज्याकडून द्रव्य मिळण्याची आशाच नसल्यामुळे खर्चाचा भार स्थानिक समाजाने उचलला. लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी हे तिचे संस्थापक होत. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे मुख्याध्यापक म्हणून काम केले. एका खेड्यातील ही शाळा सरकारी मदतीवर नव्हे, तर लोकाश्रयावर चालली. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले व १९३८ मध्ये दुसरे अधिवेशन याच जिल्ह्यातील लातूर येथे भरले. ही परिषद विद्वत्सभा नव्हती, हे खरे; परंतु मराठी भाषेतून सार्वजनिक प्रश्नांची पद्धतशीर चर्चा करण्याचा सराव या प्रदेशास तिने घडविला. मांडव, भोजन व निवास यांची व्यवस्था यजमान गावाने करावयाची, ही रीतही अशा अधिवेशनांतूनच अंगवळणी पडली.

ब्रिटिश मुलखात याच सुमारास वेगळी परंपरा वाढत होती. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने पुण्यास ७ जुलै १९१० रोजी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सभेत निबंध वाचावा व तो छापून निघावा, ही शिस्त मंडळाने पाळली. याच मंडळाच्या पुढाकाराने १९३५ मध्ये पुण्यास जी इतिहास परिषद भरली, तिच्यातून इंडियन हिस्टरी काँग्रेस ही अखिल भारतीय संस्था उदयास आली. येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. ही परिषद कोणत्याही विद्यापीठीय विभागाने भरविली नव्हती. नियमित सभा भरविण्याची पंचवीस वर्षांची सवय असलेल्या मंडळास मोठी परिषद भरविता आली. परिषद भरविली म्हणून मंडळ उभे राहिले, असा प्रकार घडला नाही.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि सभाबंदीचे पर्व संपले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. सुं. रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू होते. उस्मानाबाद जिल्हा या विद्यापीठाच्या कक्षेत आला. याच काळात केंद्रात विद्यापीठ अनुदान आयोग आकारास येत होता. १९५३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, १९५६ च्या कायद्याने त्यास वैधानिक रूप मिळाले आणि चिंतामणराव देशमुख त्याचे अध्यक्ष झाले. परवानगीची जागा आता अनुदानाने घेतली.

या दोन अवस्थांमधील भेद शब्दांतूनही व्यक्त होतो. ‘वर्गणी’ म्हणजे सामाईक खर्चातील आपल्या वाट्यास आलेला हिस्सा. ती देणारा सभेचा भागीदार असतो. ‘अनुदान’ या शब्दातील ‘अनु’ हा उपसर्ग मागून येण्याचा, अनुसरण्याचा अर्थ दाखवितो. अनुदान देणारा सभेस उपस्थित नसतो, त्याचे नियम मात्र उपस्थित असतात.

अनुदानाने ज्ञानव्यवहाराचे अकल्याणच होते, असे मात्र म्हणता येणार नाही. भाषाशास्त्राच्या क्षेत्रातील उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १९५४ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली व रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने भाषाशास्त्राचे वर्ग भरविले. पुण्याखेरीज इतर नगरांतही ते भरले. ग्लीसन, फेअरबँक्स, होनिग्सवाल्ड यांसारख्या अमेरिकी विद्वानांनी त्यांत अध्यापन केले. भारतातील आधुनिक भाषाशास्त्राची एक संपूर्ण पिढी या वर्गांतून घडली. पैसा परकीय होता. परंतु वर्ग काही आठवडे चालत, विद्यार्थी एकत्र राहत, आणि भाषेचे वर्णन कसे करावे हे प्रत्यक्ष काम करून शिकत. अनुदान येथे प्रसंगासाठी नव्हते, अभ्यासक्रमासाठी होते. त्यामुळे अनुदान संपल्यावरही विद्या मागे उरली.

‘सेमिनार’ या शब्दाचा मूळ अर्थही हाच आहे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ रोपवाटिका असा होतो. अठराव्या शतकापासून जर्मन विद्यापीठांत सेमिनार म्हणजे अल्पसंख्य विद्यार्थ्यांनी गुरूसमवेत नियमितपणे चालविलेला अभ्यास. त्यास मंडप लागत नसे, पाहुणा लागत नसे, ग्रंथ लागत. आपल्याकडे हा शब्द आला आणि त्याचा अर्थ दोन दिवसांचा समारंभ असा झाला. या अर्थांतराचे एक प्रमुख कारण अनुदानाच्या रचनेत आहे. प्रस्तावात विषय, दिनांक, पाहुण्यांची संख्या व खर्चाची शीर्षे लिहावी लागतात. प्रवासभत्ता, मानधन, भोजन, छपाई असे त्याचे भाग पडतात. मंजुरी आल्यावर उचल घ्यावयाची, पावत्या जमवावयाच्या, लेखापालाची सही घ्यावयाची आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावयाचे. केंद्र शासनाच्या वित्तीय नियमांत या प्रमाणपत्राचा नमुना २००५ मध्ये १९-अ व २०१७ मध्ये १२-अ या क्रमांकाने येतो. रक्कम मंजूर कारणासाठीच खर्ची पडली, एवढेच त्यात प्रमाणित होते. चर्चेने एखादी शंका फिटली की नाही, यासाठी नमुन्यात रकाना नाही, व तो असणे शक्यही नाही. दर आठवड्याच्या वाचनवर्गास पावती नसते. दोन दिवसांच्या समारंभास असते. त्यामुळे विभागाचे श्रम समारंभाकडे वळले आणि ३१ मार्च ही तारीख जवळ आली की चर्चासत्रांची गर्दी होऊ लागली.

२०१० च्या विनियमांनी या प्रवृत्तीस आणखी बळ दिले. अध्यापकांच्या बढतीसाठी निबंधवाचनास गुण ठरले. आंतरराष्ट्रीय सभेस अधिक, राष्ट्रीय सभेस त्याहून कमी, राज्यस्तरीय सभेस आणखी कमी. परिणामी सभेचे नाव मोठे होऊ लागले व निबंधास मिळणारा वेळ लहान. २०१८ मध्ये हे विनियम बदलले. बाराव्या पंचवार्षिक योजनेची मुदतही ३१ मार्च २०१७ रोजी संपली होती. परंतु ज्या सवयी त्या वर्षांत लागल्या, त्या विनियमांबरोबर गेल्या नाहीत.

उस्मानाबाद जिल्ह्याच्या दृष्टीने यात अंतराचाही प्रश्न होता. विद्यापीठाचे मुख्य आवार सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. २००४ मध्ये विद्यापीठाचे उपकेंद्र उस्मानाबाद येथे सुरू झाल्यावर जिल्ह्यास स्वतःचे विद्यापीठीय विभाग मिळाले. दूरच्या पाहुण्याच्या प्रवासभत्त्यात लहान विभागाच्या अनुदानाचा मोठा भाग खर्ची पडावा आणि तालुक्याच्या गावाहून येऊ इच्छिणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यास एस.टी.चे भाडे कोणत्याही शीर्षाखाली बसू नये, ही विसंगती अशा ठिकाणी अधिक तीव्रतेने जाणवते. वास्तविक अभ्यासाचे प्रश्न जिल्ह्याच्या दारातच आहेत. ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेले तगर म्हणजे तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखविले, चापेकरांनी १९५८ मध्ये तेथे उत्खनन केले, तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंवर तेथील शासकीय संग्रहालय उभे राहिले. उमरगा व तुळजापूरकडील मराठीवर कन्नड व दखनी यांचा पडलेला प्रभाव हाही महिन्यातून एकदा जमणाऱ्या पाच जणांच्या वर्गास वर्षानुवर्षे पुरेल असा विषय आहे. त्यास विमानाचे तिकीट लागत नाही.

जिल्ह्याची संयोजनशक्ती क्षीण झाली आहे, असेही म्हणता येत नाही. १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबाद येथे भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते व ना. धों. महानोर यांच्या हस्ते उद्घाटन झाले. संमेलननगरीस तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव देण्यात आले. मराठवाडा साहित्य परिषदेच्या स्थानिक शाखेने यजमानपद सांभाळले. अवर्षणाने वारंवार गांजलेल्या जिल्ह्यात हे घडून आले. लातूर अधिवेशनाच्या काळची यजमानगावाची रीत निराळ्या रूपाने टिकून आहे, याचाच हा पुरावा होय. विद्यापीठीय विभागांनी मात्र या शक्तीशी आपला संबंध आभारपत्रापुरता ठेवला आहे.

शेवटी पुन्हा शब्दांकडे वळणे उपयुक्त ठरेल. अरबीतील ‘जलसा’ व ‘इजलास’ बसण्याच्या अर्थाच्या धातूपासून आले. ‘परिषद’ व ‘सत्र’ हे संस्कृत शब्द ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूपासून. मराठी ‘बैठक’ही तशीच. एकत्र बसणे हाच सर्वांचा गाभा. पण ‘सत्र’ या शब्दास आणखी एक अर्थच्छटा आहे. वैदिक यज्ञसंस्थेत सत्र म्हणजे दीर्घकाळ चालणारा सोमयाग. इतर यागांत यजमान वेगळा व ऋत्विज वेगळे. यजमान खर्च करतो व दक्षिणा देतो. सत्रात सर्व ऋत्विज हेच यजमान असतात. म्हणून तेथे दक्षिणा नाही आणि फळ सर्वांचे समान. चर्चासत्र हा शब्द बनविणाऱ्यांच्या मनात हा संदर्भ होता की नाही, हा मुद्दा गौण आहे. शब्दात तो आहे.

विभागाने अनुदान नाकारावे, असा याचा अर्थ नव्हे. डेक्कन कॉलेजच्या वर्गांनी अनुदानाचे सामर्थ्य दाखविले आहे, आणि ज्या जिल्ह्यात विद्यार्थ्याला पुस्तकाचा खर्च जड जातो, तेथे सार्वजनिक द्रव्यावर त्याचा हक्कच आहे. परंतु अनुदान येण्यापूर्वी विभागात एखादा प्रश्न चर्चेत असावा आणि अनुदान संपल्यावर तो पुढे चालविणारी माणसे तेथे उरावीत, एवढी अट विभागाने स्वतःस घालून घेणे आवश्यक आहे. परवानगी नसताना लातूर व हिप्परगा येथील माणसांनी ही अट पाळली. आता परवानगीची अडचण उरलेली नाही.