वसईची वाडी आणि डोळ्यांचें आरोग्य

वसई म्हटली कीं १७३९ सालचा चिमाजीअप्पांचा विजय आठवतो. परंतु या भूमीचा दुसरा इतिहास तेथील केळीच्या वाड्यांत घडला. वाडीवाला आगाशीचीं गोड सुकेळीं खाई, पण दिवसभर मातींत राबेही. १९३६ सालीं विजेची आगगाडी विरारपर्यंत धांवूं लागली. पुढें अनेकांचा दिवस वाडीऐवजीं गाडीच्या डब्यांत व कचेरींत जाऊं लागला. गोड राहिलें, श्रम गेले. अशा बैठ्या जीवनांत मधुमेहाची वाट मोकळी होते.

रक्तांत वाढलेली साखर दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बळ करते. त्यांतून रक्त व द्रव पाझरतो. वेदना नसल्यानें नजर अंधुक होईपर्यंत रोग उमगत नाहीं. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झ यांनीं नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केलें, तेव्हां हा छुपा बिघाड जिवंत डोळ्यांत पाहणें शक्य झालें.

पण तो आधींच थोपवितां येईल काय? चीनमधील दाचिंग शहरीं १९८६ सालीं ५७७ जणांवर प्रयोग सुरू झाला. त्यांची साखर वाढलेली होती, परंतु मधुमेह जडला नव्हता. त्यांतील बहुतेकांना सहा वर्षें आहाराचे, व्यायामाचे किंवा दोहोंचे नियम लावून दिले. वीस वर्षांनीं पाहतां, दृष्टीस घातक असा नेत्रविकार त्यांच्यांत इतरांपेक्षां ४७ टक्क्यांनीं कमी आढळला.

वाडीवरचे ते दिवस परतणार नाहींत. पण रोजचें चालणें व मिताहार कोणासही साधेल. मधुमेह जडलाच, तर वर्षांतून एकदां नेत्रपरीक्षा अवश्य करावी. नजर शाबूत असतांनाच ती जपावयाची असते.