लहान उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीचीं कडस्फोटी काडतुसें

जुनीं हत्यारें संग्रहीं ठेवणाऱ्या मंडळींकडून आमच्याकडे ज्या पृच्छा येतात त्यांत एक पुनःपुन्हां येते. अमेरिकन बनावटीची एखादी हलकी, एकनळी रायफल हातीं लागते. तिच्या नळीवर २२, २५ किंवा ३२ असा आंकडा कोरलेला असतो. आणि ती कशासाठीं व केव्हां घडविली असावी असें विचारण्यांत येतें. याचें उत्तर बंदुकीच्या लांकडांत वा पोलादांत फारसें सांपडत नाहीं. तें काडतुसांत सांपडतें. शेतांत बिळें पाडणाऱ्या लहान प्राण्यांच्या बंदोबस्तास कोणतें काडतूस योग्य, हा वाद अमेरिकन शेतकरी व शिकारी यांच्यांत शंभराहून अधिक वर्षें चालू आहे. त्या वादांत ज्या काडतुसाची हार झाली त्याची बंदूकही मेली. म्हणून हा विषय केवळ शिकाऱ्यांचा नसून आमच्या वाचकांचाही आहे, असें आम्ही समजतों.

प्रथम शब्दाविषयीं. इंग्रजींत ज्यास रिमफायर म्हणतात त्यास मराठींत रूढ नांव नाहीं. आम्ही येथें ‘कडस्फोटी’ हा शब्द योजिला आहे. कोणास याहून बरा सुचल्यास आमचा आग्रह नाहीं. या काडतुसाच्या बुडाशीं धातूची पोकळ कड बाहेर आलेली असते व तींतच स्फोटक द्रव्य भरलेलें असतें. घोड्याचें टोंक कडेवर आपटलें कीं ती चेपते, ठिणगी पडते व दारू पेटते. कड चेपली पाहिजे, तर तिचा पत्रा पातळ हवा; आणि पत्रा पातळ असला कीं दारूचा दाब फार वाढवितां येत नाहीं. मोठ्या व्यासाचीं कडस्फोटी काडतुसें मागें पडलीं तीं यामुळेंच. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकदां उडालेलें कडस्फोटी काडतूस घरीं पुन्हां भरण्याची सोय जवळजवळ नाहीं. मध्यभागीं टोपी असलेल्या काडतुसाचा धनी टोपी बदलून, दारू व गोळी घालून काम भागवूं शकतो. कडस्फोटी बंदुकीचा धनी सर्वस्वीं कारखान्यावर अवलंबून असतो. पुढील सारा इतिहास या एका गोष्टीभोंवतीं फिरतो.

या जातीचा उगम पॅरिसचा कारागीर फ्लोबेर याच्या १८४५ सालच्या काडतुसांत आहे. त्यांत दारू मुळींच नव्हती. टोपीसारख्या कवचांत स्फोटक द्रव्य आणि तोंडाशीं बारीक गोळी, एवढाच सरंजाम. घरांतील नेमबाजीपुरतें तें ठीक होतें. पुढें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें स्मिथ आणि वेसन यांनीं त्यांत चार ग्रेन काळी दारू घालून २९ ग्रेन वजनाची गोळी बसविली आणि १८५७ सालीं आपल्या पहिल्या पिस्तुलासह तें बाजारांत आणलें. हेंच आजचें ‘२२ शॉर्ट’. याच सालीं आपल्याकडे बराकपुरास एन्फील्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या, दातांनीं तोडावयाच्या कागदी काडतुसांवरून काय घडलें हें वाचकांस सांगणें नको. एका खंडांत कागदाचें काडतूस राज्य हादरवीत होतें आणि दुसऱ्यांत धातूचें काडतूस त्याची जागा घ्यावयास सिद्ध होत होतें.

या योगायोगानें आम्ही स्वतः एकदां फसलों, तें सांगितलेंच पाहिजे. एका संग्राहक स्नेह्यांनीं आम्हांस बुडावर ‘एच’ अक्षराचा ठसा असलेलें एक २२ शॉर्ट दाखविलें आणि तें १८५७ चें आहे असें सांगितलें. सालाच्या मोहानें आम्हींही तें मान्य केलें. वास्तविक ‘एच’ हा ठसा विंचेस्टर कंपनीचा. रायफल घडविणारा बेंजामिन टायलर हेन्री याच्या नांवाचें तें आद्याक्षर. आणि ती कंपनीच त्या नांवानें १८६६ सालीं उभी राहिली. शिवाय हा ठसा विसाव्या शतकांतही दीर्घकाळ चालू होता. तेव्हां केवळ ‘एच’ पाहून काडतूस जुनें ठरविणें म्हणजे मोर्तब पाहून कागद अस्सल ठरविण्यासारखें आहे. ‘यू’ अक्षर युनियन मेटॅलिक कंपनीचें व ‘पी’ पीटर्स कंपनीचें, हें येथेंच नमूद करून ठेवतों.

२२ शॉर्टची शक्ति बेताची. खारीपुरती ती पुरते. त्याहून मोठ्या जनावरास जखम होते, मरण येत नाहीं. १८७१ सालीं तीच गोळी ठेवून कवच लांब केलें व दारू पांच ग्रेन केली, तें ‘२२ लाँग’. खरी सुधारणा १८८७ सालीं मॅसॅच्युसेट्समधील स्टीव्हन्स कारखान्यानें केली. लाँगच्याच कवचांत ४० ग्रेन वजनाची गोळी बसविली आणि त्यास ‘२२ लाँग रायफल’ असें नांव पडलें. आज जगांत सर्वाधिक खपणारें काडतूस हेंच. तरी त्याची रचना फ्लोबेरच्याच काळची राहिली. गोळीचा व्यास कवचाएवढाच. तिची टांच बारीक करून ती आंत खोंचलेली. वंगण बाहेरून लावलेलें, म्हणून खिशांत धूळ चिकटणार. ही खोड काढण्यासाठीं विंचेस्टरनें १८९० सालीं कवच रुंद करून गोळी व वंगण दोन्ही आंत घेतलीं आणि ब्राउनिंग बंधूंनीं रचलेल्या आपल्या १८९० च्या रायफलींत तें काडतूस घातलें. ही रायफल एका वेळीं एकाच जातीच्या काडतुसासाठीं बनत असे. म्हणून नळीवरील आंकडा वाचल्यावांचून तिच्याविषयीं बोलूं नये.

आतां ज्यांच्यासाठीं हा खटाटोप त्या प्राण्यांकडे वळूं. पश्चिमेकडील माळांवरचा प्रेअरी डॉग नांवानें कुत्रा असला तरी जातीनें खार आहे, वजन किलोभर. १८०४ सालीं लुइस व क्लार्क यांच्या तुकडीनें याच्या बिळांत बादल्यांनीं पाणी ओतून एक जिवंत पकडला आणि पुढील सालीं तो अध्यक्ष जेफर्सन यांजकडे धाडला, ही हकीकत त्यांच्या रोजनाम्यांतून आलेली आहे. पूर्वेकडील कुरणांत वुडचक राहतो. तो तीनचार किलोचा व चिवट. दोघेही बिळाच्या तोंडाशीं बसतात. गोळी वर्मीं लागली नाहीं तर जनावर बिळांत शिरतें आणि तेथें कुजत मरतें. शेतकऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. म्हणून काडतुसाची निवड हा केवळ नेमबाजाच्या हौसेचा प्रश्न नव्हे.

या कामास जुन्या काळीं सर्वांत योग्य काडतूस आमच्या मतें ‘२५ स्टीव्हन्स’ हें होतें. स्टीव्हन्सनेंच तें १९०० च्या सुमारास काढलें. गोळी ६७ ग्रेन वजनाची, वेग सेकंदास सुमारें ११०० फूट. वेग मोठा नव्हे. पण गोळी जड व रुंद असल्यामुळें जनावर जागीं पडे, आणि खाण्याजोगें मांसही नासत नसे. या कारखान्याची ‘फेव्हरिट’ नांवाची हलकी रायफल २२, २५ व ३२ अशा तिन्ही मापांत मिळे. गुणावर निवड झाली असती तर २५ ची सरशी होती. पण शिसें अधिक, म्हणून किंमत अधिक; आणि ज्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हातीं ही बंदूक असे त्याचा हिशेब पैशांत होता. १९३० सालीं रेमिंग्टननें लाँग रायफलचें अधिक वेगवान काडतूस काढलें, तेव्हां दोहोंमधील अंतर आणखी कमी भासूं लागलें. पुढें युद्ध आलें आणि १९४२ सालीं २५ चें उत्पादन बंद पडलें. कित्येक लेखक या मृत्यूचा दोष युद्धावर ठेवतात. आम्हांस तें पटत नाहीं. युद्धांत इतरही काडतुसें थांबलीं होतीं; ज्यांना गिऱ्हाईक होतें तीं परत आलीं. युद्धानें केवळ दार लावून घेतलें. घर आधींच रिकामें होऊं लागलें होतें.

युद्धोत्तर इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९५९ सालीं विंचेस्टरनें १८९० चेंच रुंद कवच लांबवून ‘२२ मॅग्नम’ काढलें. ४० ग्रेन वजनाची गोळी, वेग सेकंदास १९०० फुटांच्या आसपास. १९७० च्या सुमारास रेमिंग्टनचें पांच मिलीमीटरचें काडतूस आलें. तें वेगानें मॅग्नमवर मात करी, परंतु त्याच्या रायफली चारपांच वर्षांतच बंद झाल्या आणि १९८० नंतर लवकरच काडतुसेंही आटलीं. ज्यांनीं त्या घेतल्या त्यांच्या हातीं उत्तम घडणीची काठी राहिली. २००८ च्या सुमारास मेक्सिकोंतील एका कारखान्यानें तें काडतूस पुन्हां काढलें, तरी पंचवीसेक वर्षें त्या बंदुका मुक्या होत्या. २००२ सालीं हॉर्नाडीनें मॅग्नमचेंच कवच तोंडाशीं आवळून १७ ग्रेन वजनाची गोळी बसविली. तिचा वेग २५५० फूट. आणि २०१३ च्या सुमारास आलेल्या विंचेस्टरच्या नव्या १७ चें कवच तर सुतारकामांत खिळे ठोंकणाऱ्या यंत्राच्या काडतुसावरून घेतलेलें आहे.

मग निवड कोणती? लाँग रायफल ५० यार्डांवर बरोबर साधली तर १०० यार्डांवर गोळी सुमारें सहा इंच खालीं जाते. प्रेअरी डॉगचें सारें डोकें त्याहून लहान. म्हणून ७० यार्डांच्या आंत लाँग रायफल, त्यापुढें १७. हलकी १७ ची गोळी शंभरावर साधली असतां दीडशें यार्डांवर जेमतेम तीन इंच उतरते. त्यापलीकडे मात्र वारा तिला हुलकावणी देतो. वुडचकासारख्या जाड जनावरास २२ मॅग्नमच बरें. कॅलिफोर्नियांत १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळीस बंदी झाल्यामुळें तेथें हा हिशेब पुन्हां मांडावा लागला आहे. तांबें शिशाहून हलकें. तेव्हां जड व संथ गोळीचा जो गुण २५ च्या अंगीं होता तो तेथें आणणें कठीण.

आपल्याकडे रानटी प्राण्यांची शिकार १९७२ च्या कायद्यानें सामान्यतः बंद आहे आणि परवान्यावांचून जिवंत काडतूस बाळगणें १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें गुन्हा आहे; तेव्हां आमचा संबंध रिकाम्या कवचांशीं. ज्यांच्या संग्रहीं २५ स्टीव्हन्सचें उडालेलें कवच असेल त्यांनीं त्याच्या बुडावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनें ठसा घ्यावा, कडेवरील घोड्याची खूण कोणत्या आकाराची आहे तें लिहावें, आणि तो कागद आमच्याकडे पाठवावा. भरलेलें काडतूस आढळल्यास तें कापूं नये व घासून स्वच्छही करूं नये; कडेंतील द्रव्य शंभर वर्षांनींही पेट घेऊं शकतें.