आयनांचा प्रभार : आवर्तसारणीवरून अनुमान

मूलद्रव्याचे आवर्तसारणीतील स्थान पाहून त्याच्या आयनावर किती धन वा ऋण प्रभार असेल हे ठरवण्याची रीत. सारणीच्या दोन्ही कडांना ती भरवशाची आहे. मधल्या संक्रमणी मूलद्रव्यांत नाही.

एकाच गणातील अणूंच्या बाह्यतम कवचात बहुधा सारखेच इलेक्ट्रॉन असतात. गण १ आणि २ मधील धातू ते गमावून +१ व +२ आयन देतात, गण १३ मधील ॲल्युमिनिअम +३. उजवीकडच्या अधातूंसाठी गणक्रमांकातून १८ वजा करावेत : क्लोरीन −१, ऑक्सिजन −२, नायट्रोजन −३. राजवायूंचे साधे आयन संयुगांत सापडत नाहीत. हायड्रोजन गण १ मध्ये असूनही सोडिअम हायड्राइडमध्ये −१ असतो.

अणूला अष्टक, म्हणजे बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन, ‘हवे असते’, असे शाळेत सांगतात. ते लक्षात ठेवायला सोपे आहे, पण खरे कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. मॅग्नेशिअमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ७३८ किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला १,४५१ आणि तिसऱ्याला एकदम ७,७३३. कारण तिसरा आतल्या कवचातला असतो. पहिल्या दोघांचा खर्च स्फटिक बांधला जाताना मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेतून भरून निघतो, तिसऱ्याचा निघत नाही. म्हणून मॅग्नेशिअम +२ वर थांबते. ऑक्सिजनलाही दुसरा इलेक्ट्रॉन फुकट मिळत नाही. कळीच्या चुन्यात ऑक्साइड आयन टिकतो तो भोवतालच्या कॅल्शिअम आयनांच्या आकर्षणामुळे.

संयुजेचा आठ या संख्येशी असलेला संबंध रिचर्ड आबेग यांनी १९०४ मध्ये मांडला; १९१६ मध्ये कोसेल व लुईस यांनी त्याला इलेक्ट्रॉन कवचांचा आधार दिला.

संक्रमणी धातूंत बाहेरच्या आणि त्याआतल्या कवचातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा जवळजवळ असल्याने एकाच धातूचे अनेक प्रभार संभवतात. हिराकसात लोह +२ असते, गंजात +३. मोरचुदात तांबे +२ असते, क्युप्रस ऑक्साइडमध्ये +१. जस्त मात्र जवळपास नेहमीच +२. मुख्य गणांतील जड मूलद्रव्यांतही नियम ढळतो : शिसे गण १४ मधले असूनही त्याचा नेहमीचा आयन +२, तर गण १३ मधील थॅलिअमचा +१.

अशा धातूंचा प्रभार स्थानावरून न काढता संयुगातील ऋण आयनांवरून काढावा. फेरिक ऑक्साइडमध्ये तीन ऑक्साइड आयनांचा प्रभार −६; तो दोन लोह आयनांनी तोलायचा, म्हणून प्रत्येकी +३.